२१९ बाथमध्ये पोटभर: बँकॉकमध्ये स्वस्त हॉटपॉटची लढाई का पेटली आहे?

बँकॉकमध्ये गेली काही वर्षं एका आकड्याभोवती अख्खा खाद्यव्यवसाय फिरतोय. तो आकडा आहे २१९. या किमतीत टेबलावर उकळतं पातेलं येतं आणि मग मांस, मासळीचे गोळे, भाज्या, शेवया हवं तितकं मागवा, शिजवा आणि खा. एक बाथ म्हणजे पावणेतीन रुपये धरले, तर माणशी साधारण सहाशे रुपये.

ही किंमत लोकप्रिय केली 'सुकी तीनोई' या साखळीने. २०१९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी म्हणजे या धंद्यातलं शेंडेफळ. पण २०२५ मध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. थायलंडमध्ये हॉटपॉट म्हटलं की ज्यांचं नाव आधी घेतलं जायचं, त्या एमके कंपनीने 'बोनस सुकी' नावाची नवी साखळी काढली आणि तिथल्या बुफेची किंमत ठेवली २१९ बाथ. एक बाथ जास्त नाही की कमी नाही.

चारशेहून जास्त शाखा असलेल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला आपल्या निम्म्याहूनही लहान प्रतिस्पर्ध्याची किंमत जशीच्या तशी उचलावी लागते, याचा अर्थ काय? उत्तर थोडं पातेल्यात आहे, थोडं ताळेबंदात आणि बरंचसं थाई मध्यमवर्गाच्या खिशात.

आधी, हे 'सुकी' प्रकरण काय आहे?

नाव जपानी 'सुकियाकी'वरून आलं, पदार्थ मात्र चिनी वळणाचा आहे. चीनमधून थायलंडमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांनी आपली हॉटपॉटची पद्धत सोबत आणली आणि ती हळूहळू थाई झाली. बँकॉकमध्ये १९५७ साली सुरू झालेल्या 'कोका' रेस्टॉरंटचं नाव या इतिहासात नेहमी येतं.

मध्ये शेगडी, तिच्यावर पातळ सूप. एकेक जिन्नस त्यात टाकायचा, शिजला की काढायचा आणि सॉसमध्ये बुडवून खायचा. खरी ओळख त्या सॉसचीच. मिरची, लसूण, तीळ, कोथिंबीर, लिंबू आणि आंबवलेलं टोफू यांचं ते तिखट-आंबट-गोड मिश्रण असतं. सूप मुद्दाम सौम्य ठेवतात, कारण चवीचं काम सॉस करतो. सिचुआनच्या लालभडक, जीभ बधिर करणाऱ्या 'माला' हॉटपॉटपेक्षा हा प्रकार बराच वेगळा आहे. माला बँकॉकमध्ये अलीकडे जोरात आहे, पण तो वेगळा विषय.

(शाकाहारी वाचकांसाठी सूचना: सूप बहुतेक ठिकाणी हाडांचं असतं आणि पातेलं सगळ्यांचं एकच. 'भाज्या तर आहेत ना' म्हणून आत शिरण्याआधी विचारून घ्या.)

आता एक गोष्ट लक्षात घ्या. सुकी म्हणजे एकट्याने उरकायचं जेवण नाही. कुटुंब, ऑफिसचा ग्रुप, कॉलेजचे मित्र हे तिचे गिऱ्हाईक. पातेल्याभोवती बसायचं, तास-दीड तास गप्पा मारायच्या. आपल्याकडे महिन्यातून एकदा 'आज बाहेर जेवू' असं ठरतं, तसं. त्यामुळे सुकीची किंमत बदलली, की ती फक्त एका पदार्थाची किंमत राहत नाही. कुटुंबाने एकत्र बाहेर जेवण्याची किंमत बदलते.

मॉलमधली एमके, रस्त्यावरची तीनोई

एमकेची पहिली सुकी शाखा १९८६ मध्ये बँकॉकच्या सेंट्रल लाटप्राव मॉलमध्ये सुरू झाली. वेळ अचूक होती. थायलंडमध्ये कारखाने वाढत होते, पगारदार वर्ग तयार होत होता, मॉल उभे राहत होते. एमकेने गॅसऐवजी विजेची शेगडी आणली, जागा स्वच्छ आणि वातानुकूलित ठेवली. जोडीला भाजलेलं बदक आणि हिरव्या शेवया. तिथले कर्मचारी ठरावीक वेळी गाण्यावर नाचायचे, ते थायलंडमध्ये अनेकांच्या लहानपणीच्या आठवणींचा भाग आहे. इथे प्रत्येक बशीचे वेगळे पैसे लागतात. २०१३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

तीनोईने जवळपास सगळंच उलटं केलं. 'तीनोई'चा अर्थ साधारण 'चिनी घरातला लहान पोरगा'. सुरुवातीच्या शाखा मॉलमध्ये नव्हत्या. शहराच्या कडेला, पार्किंगची सोय असलेल्या स्वतंत्र जागा निवडल्या. दुकान पहाटेपर्यंत उघडं. किंमत सुरुवातीला १९९ बाथ, पुढे २१९.

मग करोना आला. रेस्टॉरंटं बंद पडली, मॉल ओस पडले, आणि निर्बंध उठल्यावर लोक परतले ते हातात कमी पैसे घेऊन. २०२२ मध्ये जेमार्ट या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने तीनोईच्या मूळ कंपनीत ३० टक्के हिस्सा १.२ अब्ज बाथला विकत घेतला. तेव्हापासून तीनोईचे आकडे दर तिमाहीला लोकांसमोर येऊ लागले, आणि ते पाहून बाकीच्यांचे डोळे विस्फारले.

आकडे काय सांगतात?

२०२३ मध्ये तीनोईचं उत्पन्न सुमारे ५.२ अब्ज बाथ होतं. २०२४ मध्ये ते ७ अब्जांच्या वर गेलं आणि निव्वळ नफा झाला सुमारे १.१७ अब्ज.

त्याच वर्षी एमके समूहाचं उत्पन्न होतं सुमारे १५.४ अब्ज, म्हणजे दुपटीहून जास्त. त्यात समूहाच्या इतर रेस्टॉरंट साखळ्याही आल्या. पण नफा फक्त १.४४ अब्ज. २०१९ मध्ये हाच नफा अडीच अब्जांच्या वर होता.

हेच आकडे वेगळ्या पद्धतीने मांडू. एमकेकडे १०० बाथ आले, तर शेवटी साधारण साडेनऊ उरतात. तीनोईकडे १०० आले, तर साडेसोळा. जो स्वस्तात खाऊ घालतो, तोच जास्त कमावतो. 'एवढ्या स्वस्तात देतात म्हणजे तोट्यात असणार किंवा गुंतवणूकदारांचे पैसे जाळत असणार', हा आपला नेहमीचा अंदाज इथे चुकतो. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वात रंजक गोष्ट हीच वाटते.

मग २१९ मध्ये परवडतं कसं?

पहिली गोष्ट, २१९ ही पूर्ण किंमत नाहीच. त्यात पेयांचे ३९ बाथ मिळवा, हवं तितकं पुन्हा भरून घ्यायची सोय असलेले. झाले २५८. त्यावर ७ टक्के व्हॅट. हातात बिल येतं २७६ बाथचं, म्हणजे साधारण साडेसातशे रुपये. थायलंडमध्ये हा २७६ चा आकडाही आता २१९ इतकाच ओळखीचा झाला आहे.

आता एक ढोबळ हिशोब करू. व्हॅट सरकारचा, तो सोडून दिला तर माणशी २५८ बाथ कंपनीकडे येतात. त्याचे साडेसोळा टक्के म्हणजे ४२ बाथच्या आसपास. लहान मुलांचा दर, घरपोच ऑर्डर वगैरे धरलं तर आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण म्हणजे एका गिऱ्हाइकामागचा नफा जवळपास पेयाच्या ३९ बाथइतकाच आहे. सरबत, शीतपेय आणि बर्फ यांना खर्च किती येतो, हे कुठल्याही रसवंतीवाल्याला विचारा. मांस-भाज्यांच्या २१९ मध्ये जेमतेम खर्च निघतो आणि कमाई ग्लासात आहे, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी गोष्ट आचारी. आपल्याकडच्या अनलिमिटेड थाळीशी तुलना करून बघा. थाळीत दोन भाज्या, आमटी, कोशिंबीर, पुरणपोळी किंवा श्रीखंड. प्रत्येक गोष्ट कुणीतरी शिजवलेली, पोळ्या तर सतत लाटत राहाव्या लागतात. हात चांगला असलेला आचारी गेला की थाळीची चव गेली. सुकीमध्ये स्वयंपाक गिऱ्हाईकच करतो! मांसाचे काप, गोळे, धुतलेल्या भाज्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून तयार येतात, सूप आणि सॉसचं प्रमाण तिथेच ठरलेलं. शाखेत काम उरतं बशा भरायचं, टेबलं पुसायचं, पातेली घासायचं. नवा मुलगा आठवड्यात शिकतो. शिवाय प्रत्येक शाखेतली चव सारखी राहते.

तिसरी गोष्ट म्हणजे माणूस खाणार तरी किती? बुफेचं सगळं गणित सरासरीवर चालतं. एखादा पैलवान चार माणसांचं खाऊन जाईल, पण त्याच्यासोबत आलेली आजी दोन बशांत थांबेल. त्यात सुकीचं वैशिष्ट्य असं, की शिजायला वेळ लागतो आणि सूप, कोबी, शेवया पोट लवकर भरतात. त्यामुळे ताटात आयतं वाढलेल्या बुफेपेक्षा इथे हात आपोआप आवरता राहतो. शिवाय थायलंडच्या बुफेंमध्ये वेळेची मर्यादा आणि टाकून दिल्यास दंड, हे दोन्ही नियम सर्रास आहेत.

आणि उरतं भाडं. मॉलमधली जागा रात्री दहाला बंद होते, भाडं मात्र चोवीस तासांचं असतं. स्वतंत्र जागेत तीनोई रात्रपाळी संपवून येणारे, कॉन्सर्टहून परतणारे, अभ्यासाला जागणारे असे गिऱ्हाईक पहाटेपर्यंत बसवू शकली. तेच टेबल दिवसातून जास्त वेळा भरतं. २०२४ अखेर तीनोईच्या शाखा शंभरापेक्षा कमी होत्या. तेवढ्यांतून ७ अब्ज बाथ येतात, म्हणजे प्रत्येक शाखेत किती गर्दी असेल, याचा अंदाज करा.

थोडक्यात, एमके आधी जेवण ठरवते आणि मग त्याची किंमत लावते. तीनोईने आधी किंमत ठरवली आणि तिच्यात बसेल तसं जेवण, जागा आणि कामगार जुळवले. नुसती पाटी बदलून २१९ लिहिलं तर एमकेच्या मॉलमधल्या शाखा बुडतील. म्हणून तर तिला वेगळ्या नावाने वेगळी साखळी उघडावी लागली.

लोकांच्या खिशात काय चाललंय?

थायलंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पर्यटन, झगमगाट, स्वस्त खरेदी येते. तिथल्या माणसाला दिसणारं चित्र निराळं आहे. २०२४ मध्ये अर्थव्यवस्था फक्त अडीच टक्क्यांनी वाढली. घरगुती कर्ज, म्हणजे लोकांनी घर, गाडी, क्रेडिट कार्ड यांसाठी घेतलेलं कर्ज, देशाच्या जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या आसपास आहे. आशियात हे प्रमाण फार वरचं मानलं जातं. एप्रिल २०२५ पासून तर महागाईचा दर सलग अनेक महिने शून्याखाली होता. 'किमती घसरतात म्हणजे चांगलंच की' असं वाटू शकतं. यात इंधन आणि भाज्यांच्या उतरलेल्या दरांचा वाटा मोठा होता, हे खरं. पण गिऱ्हाईक हात आखडता घेत असल्याने दुकानदाराला भाव वाढवता येत नाहीत, हेही तितकंच खरं.

या पार्श्वभूमीवर २७६ बाथकडे बघा. बँकॉकमध्ये १ जुलै २०२५ पासून किमान मजुरी रोज ४०० बाथ आहे. म्हणजे मजुराच्या दिवसाच्या कमाईतले जवळपास ७० टक्के एका बुफेत जातील. त्याच्यासाठी हे 'स्वस्त' नाही, सणावाराचं जेवण आहे. सरकारी नोकरीत पदवीधराचा सुरुवातीचा पगार मे २०२५ पासून १८,००० बाथ झाला. दोन मुलांसह चौघांचं कुटुंब महिन्यातून दोनदा गेलं तर जवळपास २,२०० बाथ, पगाराच्या १२ टक्के. तरीही जमवता येण्यासारखं. शिवाय जाण्याआधीच बिल किती होणार हे माहीत असतं. कर्जाचे हप्ते भरणाऱ्या घरासाठी ही खात्री फार मोलाची. बशीनुसार पैसे असलेल्या ठिकाणी मुलाने तिसऱ्यांदा कोळंबी मागितली की बापाचं लक्ष मेनूतल्या किमतीकडे जातं. बुफेत तो निवांत बसतो.

म्हणून तीनोईच्या यशाला 'थाई लोकांची सुकीची आवड' म्हणणं मला अपुरं वाटतं. आवड जुनीच आहे. नवी गोष्ट ही, की बाहेर जेवायला माणशी किती द्यायचे याची एक कमाल मर्यादा लोकांच्या मनात पक्की झाली. ती २१९ वर पक्की झाली आणि आता बाकी सगळ्यांना तिच्याखाली वाकून जावं लागतंय. 'लकी सुकी' ही आणखी एक साखळी याच पट्ट्यात उभी राहिली आणि २०२५ मध्ये सेंट्रल या बलाढ्य समूहाच्या रेस्टॉरंट कंपनीने तिच्यात हिस्सा घेतला. मॉलचे मालकच मॉलबाहेर जन्मलेल्या किमतीवर पैसे लावतायत.

डुकराच्या मांसाचा भाव आणि एक जुना धडा

ठरलेल्या किमतीचा धोका कच्च्या मालात असतो. जानेवारी २०२२ मध्ये थायलंडने देशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर पसरल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. असंख्य डुकरं मेली, छोटे पाळणारे उठले आणि मांसाचा भाव किलोला २०० बाथच्या वर गेला. बुफेवाल्यांची तारांबळ उडाली. कुणी दर वाढवले, कुणी डुकराऐवजी कोंबडी पुढे केली. 'मू-क्राथा' म्हणजे टेबलावरच्या तव्यावर मांस भाजून खायचा थाई प्रकार. त्याची गल्लोगल्ली असलेली छोटी बुफे दुकानं यात सर्वाधिक पोळली.

मग चक्र उलटं फिरलं. २०२३ मध्ये लेम चाबांग बंदरात बेकायदा आणलेल्या गोठवलेल्या डुकराच्या मांसाचे १६१ कंटेनर सापडले. देशातले भाव कोसळले आणि आता रडायची पाळी शेतकऱ्यांची आली. २०२५ मध्ये अमेरिकेसोबत आयातशुल्काच्या वाटाघाटी सुरू झाल्यावर अमेरिकी डुकराचं मांस देशात येऊ द्यायचं का, हा पुन्हा वादाचा मुद्दा झाला. शेतकरी संघटनांचा ठाम विरोध होता.

भाव वाढला तर बुफेवाला अडचणीत, भाव पडला तर डुकरं पाळणारा. मोठ्या साखळीकडे घाऊक करार असतात, शीतगृह असतं, एखादी वाईट तिमाही पचवायची ताकद असते. पाच टेबलांच्या दुकानाकडे यातलं काहीच नसतं.

आणि छोट्या दुकानांचं काय?

या लढाईत खरी पंचाईत त्यांचीच आहे. बँकॉकचं नाव जगभर झालं ते फुटपाथवरच्या खाण्यामुळे. पण दोघांनी रस्त्यावर दोन-तीन पदार्थ आणि पेय घेतलं, की बिल वातानुकूलित बुफेच्या जवळ जायला लागतं. मग माणूस म्हणतो, अजून थोडे घालू आणि पोटभर खाऊ. छोट्या दुकानदाराला मांस महाग मिळतं, पेयातून ३९ बाथ काढता येत नाहीत आणि पहाटेपर्यंत बसायला घरात माणसं नाहीत.

थाई सरकारच्या हे लक्षात आलेलं दिसतं. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस 'खोन ला ख्रुंग प्लस', म्हणजे 'अर्धे तुम्ही, अर्धे आम्ही' ही योजना पुन्हा सुरू झाली. छोट्या दुकानांतल्या खरेदीचा निम्मा वाटा सरकार भरणार, दिवसाला जास्तीत जास्त २०० बाथ. आयकर विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी एकूण २,४०० आणि इतरांसाठी २,००० बाथ. लाभार्थी होते सुमारे दोन कोटी लोक. गल्लीतल्या सुकीवाल्याला त्या काळात श्वास घ्यायला जागा मिळाली. पण ही योजना डिसेंबरअखेरपर्यंतचीच होती. अनुदान संपल्यावरही २१९ ची पाटी तिथेच होती.

पुढे कुठे लक्ष ठेवायचं?

तीन-तीन साखळ्या एकाच किमतीवर, एकाच शहरात शाखा वाढवत असतील, तर कधीतरी त्याच गिऱ्हाइकांची वाटणी सुरू होते. तीनोईचा प्रति-शाखा गल्ला टिकतो का, हे जेमार्टच्या तिमाही आकड्यांत दिसेल. किमान मजुरी वाढलेली आहे, त्यामुळे साडेसोळा टक्क्यांवर ताण येणार हे उघड आहे. कुणीतरी २१९ चे २२९ करेल का? पहिला जो करेल, त्याच्या दारातली रांग शेजारच्या दारात जायची भीती आहे. त्यामुळे किंमत तशीच ठेवून बशीतले काप पातळ करणं किंवा पेयाचे पैसे वाढवणं, हे मार्ग जास्त शक्य वाटतात.

एमकेसमोरचा प्रश्न आणखी अवघड आहे. बोनस सुकीमध्ये येणारा माणूस तीनोई सोडून आला, तर ठीक. तो एमकेचीच मॉलमधली शाखा सोडून आला असेल, तर कंपनीने स्वतःचंच गिऱ्हाईक स्वतःच्याच स्वस्त दुकानात नेऊन बसवलं असा अर्थ होतो. बोनस सुकीच्या शाखा जसजशा वाढतील, तसतसं एमकेच्या जुन्या शाखांची विक्री किती घटते, हा आकडा सर्वात आधी बघायला हवा.